न तापवता बंद होणारं पाकीट

काल भाचीचा गुडघा खरचटला. बँडेजपट्टीचं पाकीट उघडताना तिनं विचारलं, "मामा, हे इतकं अलगद कसं सुटतं?"

मी पॅकेजिंगवाला. मग काय, मामा सुटलाच!

अशा कागदाला आतून, कडांवर रबराच्या चिकापासून, म्हणजे लॅटेक्सपासून, केलेला लेप असतो. गंमत म्हणजे तो मुख्यतः स्वतःलाच चिकटतो, बोटाला नाही. दोन लेपलेल्या कडा समोरासमोर आणून रोलरनं दाबल्या की पाकीट बंद. याला म्हणतात 'कोल्ड सील'. नुसत्या दाबानं जुळलेल्या या कडा ओढल्या की अलगद सुटतात.

उष्णता नसल्यानं यंत्र वेगात पळतं. चॉकलेटच्या वेष्टनालाही हीच युक्ती, नाहीतर आतला माल वितळायचा!

लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी कृत्रिम लेपही मिळतात.

काही शंका? बिनधास्त विचारा.