रेल्वेपुलाची प्रतिकृती : तपशील व त्यामागील कारण

रेल्वेपुलाची प्रतिकृती हा मुलांच्या विशेष आवडीचा हस्तव्यवसाय होय. पुठ्ठ्याच्या दोन बाजू उभ्या करून त्यांस चंदेरी रंग दिला म्हणजे पूल झाला, अशी समजूत मात्र पुष्कळदा आढळते. खऱ्या पुलावर शोभेकरिता काहीच नसते. तेथील प्रत्येक भाग भार तरी उचलतो किंवा धोका तरी टाळतो. ते भाग प्रतिकृतीत आले व त्यांचे प्रयोजन मुलांस सांगता आले, तरच श्रम सार्थकी लागतात.

प्रथम प्रमाण निश्चित करावे. १:५० हे प्रमाण सोयीचे आहे. त्यात १ मीटर म्हणजे २ सेंटिमीटर. ३० मीटरांचा गाळा ६० सेंटिमीटरांचा होतो, आणि रुंदमापी रुळांतील १६७६ मिलिमीटरांचे अंतर सुमारे ३३.५ मिलिमीटर भरते.

नंतर चार काड्या टोकांशी टाचण्यांनी जोडून चौकट करावी. ढकलताच ती कलते. कर्णावर पाचवी काडी बसविताच स्थिर होते. तुळईतील तिरप्या पट्ट्यांचे मर्म हेच. स्कॉटलंडमधील टे नदीवरील पूल २८ डिसेंबर १८७९ रोजी वादळात गाडीसह कोसळला व गाडीतील एकही मनुष्य वाचला नाही. उंच लोखंडी खांबांना जखडणाऱ्या तिरप्या पट्ट्या व त्यांच्या जोडण्या दुबळ्या होत्या, असे चौकशीत दिसून आले. म्हणून बांबूच्या कामट्यांच्या या पट्ट्या प्रतिकृतीतून कधीही गाळू नयेत.

पोलाद उष्णतेने वाढते. तपमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर ३० मीटरांची तुळई सुमारे १४ मिलिमीटर लांबते. यास्तव तिचे एक टोक खांबावर पक्के बसवितात व दुसरे सरकते ठेवतात. काही पुलांवर त्याखाली रोलर असतात; ते सायकलच्या आऱ्यांच्या तुकड्यांनी दाखवावे.

जोडपट्ट्यांवरील रिव्हेटांसाठी जाड कागदावर मागील बाजूने बोथट सुईने समान अंतरावर ठिपके उठवावे. खांबांची प्रवाहासमोरील बाजू निमुळती करावी, म्हणजे पाणी दुभंगून जाते. खांबावर पुराची पातळी दर्शविणारी पट्टी रंगवावी. गाडी आल्यास कामगारांना बाजूस उभे राहता यावे, म्हणून पुलाच्या कडेस केलेले लहान सज्जेही दाखवावे.

निरीक्षणासाठी मुलांना नेल्यास रूळ व पूल यांवर कोणासही जाऊ देऊ नये. दुरूनच रेखाटन करून घ्यावे.

रंग देण्यापूर्वी शिक्षकांनी एकेका भागावर बोट ठेवून, “हा भाग काढला तर काय होईल?” असे विचारावे. उत्तर येईपर्यंत रंगाचा डबा उघडू नये.