धरण आधीच रिकामं का केलं नाही?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथली इशारा पातळी आहे 40 फूट आणि धोका पातळी 45. तेव्हापासून दर पावसाळ्यात एक प्रश्न ठरलेला असतो: कोयनेतून पाणी आधीच का सोडलं नाही? पाण्यावर संशोधन करायचं म्हणत असाल तर तुमच्याही डोक्यात तो असणार. प्रश्न रास्त आहे. फक्त, आहे तसा तो संशोधनाचा प्रश्न होत नाही.

आधी थोडा हिशोब करू. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी. ते 24 तासांत सोडायचं तर विसर्ग सुमारे 11,574 क्युसेक लागतो. हा आकडा पाठच करून टाका, बातम्या वाचताना फार उपयोगी पडतो. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी. पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालवली तर नदीत साधारण 2,100 क्युसेक जातं. म्हणजे एक टीएमसी कमी व्हायला साडेपाच दिवस! मोठा विसर्ग वक्र दरवाजांतून होतो, पण त्यासाठी पाणी सांडव्याच्या वर असावं लागतं. समजा, चार दिवसांत 10 टीएमसी जागा करायची आहे. मग सुमारे 29,000 क्युसेक सोडावं लागेल, तेही धरणात येणाऱ्या पाण्याच्या वर. आणि ते जाणार कुठे? कराडला कृष्णेत, तिथून सांगलीकडेच.

म्हणून जलसंपदा विभागाची तयारी दरवाजे उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. प्रत्येक मोठ्या धरणाचा जलाशय परिचालन आराखडा असतो: पावसाळ्यात कोणत्या तारखेला पातळी कुठपर्यंत चढू द्यायची, हे त्यात लिहिलेलं असतं. खरी ओढाताण इथे आहे. 15 ऑक्टोबरला धरण भरलेलं हवं, कारण पुढचे आठ महिने सिंचन, पिण्याचं पाणी आणि वीज त्यावरच. आणि ऐन पावसात मात्र थोडी जागा रिकामी हवी. जुलैअखेर पाणी सोडलं आणि नंतर पाऊस रुसला, तर उन्हाळ्यात शिव्या खाणारेही हेच अभियंते. तेव्हा कुणी त्यांना पुराची आठवण करून देत नाही.

बाकीची तयारी रुक्ष वाटेल, पण तीही नीट बघा. पावसाळ्याआधी दरवाजे चालवून बघणं, वायर रोपना ग्रीस, जनरेटरला डिझेल, पूर नियंत्रण कक्षात चोवीस तास माणसं. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस आणि पातळीची माहिती स्वयंचलित केंद्रांवरून येते. विसर्ग वाढवायच्या आधी नदीकाठच्या गावांना निरोप जातो: पात्रातल्या मोटारी काढा, जनावरं वर न्या. विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढवण्यामागे हेही एक कारण आहे. मोटार काढायला शेतकऱ्याला वेळ लागतो.

आता मूळ प्रश्न जरा बदलून विचारा: त्या दिवशी, त्या तासाला, अभियंत्यासमोर कोणती माहिती होती? पूर आल्यावर आलेख काढला की पाणी कधी सोडायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. तुम्हाला हवा तो त्या वेळचा अंदाज, नंतर मोजलेला पाऊस नव्हे. म्हणून रोजच्या साठ्याच्या टक्केवारीवर थांबू नका. आवक, विसर्ग आणि दरवाजांच्या तासातासाच्या नोंदी मिळवा. सहज मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. सोबत त्या त्या दिवशीचे हवामान अंदाजही जपून ठेवा.

दुसरी गोष्ट, सगळं पाणी धरणातून येत नाही. धरणाच्या खाली पडणारा पाऊस थेट नदीत येतो, त्याला मुक्त पाणलोट म्हणतात. तो वेगळा काढल्याशिवाय कुणावरही बोट ठेवता येत नाही. अलमट्टीच्या फुगवट्याचा वाद तुम्ही ऐकला असेलच. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही; तरी वाद काही मिटलेला नाही. या वादात तुम्हाला नक्कीच ओढलं जाईल, तेव्हा मुक्त पाणलोटाचा हिशोब जवळ असू द्या.

तुलनेसाठी राधानगरी जरूर घ्या. तिथे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. प्रत्येकी 1,428 क्युसेक. कोयनेत माणूस ठरवतो, इथे पाण्याचं वजन ठरवतं. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्या की माणसाच्या निर्णयानं नेमका काय फरक पडतो, हे तपासायची जागा सापडते.

आणि हो, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. हे फूट आणि आयर्विनचे फूट एका तक्त्यात वजा करू नका. प्रत्येक मोजपट्टीचं शून्य वेगळं असतं. आधी दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये आणा, मगच आलेख काढा.