परत करायचे राहून गेलेले कागद

‘हाय नून’चं १९५२ सालचं मूळ अमेरिकन पोस्टर समोर आलं की नवखा माणूस गॅरी कूपरकडे बघतो. मुरलेला संग्राहक आधी कागदाची खालची कड बघतो. तिथल्या पांढऱ्या पट्टीत उजवीकडे ५२, मग एक तिरकी रेघ आणि पुढे सिनेमाचा क्रमांक असतो. त्याच पट्टीत अगदी बारीक टायपात एक तंबी छापलेली असते: हा कागद नॅशनल स्क्रीन सर्व्हिसच्या मालकीचा आहे, तुमच्या थिएटरात हा सिनेमा चालू असेपर्यंतच लावायला दिला आहे, सिनेमा उतरला की लगेच परत पाठवा. काही थिएटरवाल्यांनी ही सूचना मनावर घेतली नाही. जुन्या वेस्टर्नपटांची अस्सल पोस्टरं जमवण्याचा छंद आज त्यांच्याच कृपेने चालू आहे.

नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही न्यूयॉर्कची कंपनी मुळात ट्रेलरच्या धंद्यातली. १९४०च्या सुमारास तिने बहुतेक मोठ्या स्टुडिओंच्या पोस्टरांचं वाटपही हाती घेतलं आणि पुढची चार दशकं अमेरिकेत थिएटरबाहेर लागणारा बहुतेक कागद तिच्याच गोदामांतून निघाला. स्टुडिओकडून थिएटरमालकाला ‘प्रेसबुक’ यायचं. त्यात त्या सिनेमाचे कोणकोणते कागद मिळतील त्याची चित्रं असायची. मालक आपल्या ऐपतीप्रमाणे मागवायचा. ‘वन शीट’ म्हणजे २७ बाय ४१ इंचांचं नेहमीचं पोस्टर. ‘थ्री शीट’ त्याच्या तिप्पट, ‘सिक्स शीट’ जवळपास चौरस आणि सहापट. त्याहून मोठा ‘चोवीस शीट’, तो हमरस्त्यावरच्या फलकासाठी, तुकड्यातुकड्यांनी छापून जोडलेला. थिएटरच्या आत लावायला ११ बाय १४ इंचांच्या आठ लॉबी कार्डांचा संच. गावातल्या न्हाव्याच्या किंवा वाण्याच्या दुकानासाठी ‘विंडो कार्ड’. त्याचा वरचा भाग कोरा ठेवलेला असे, म्हणजे थिएटरचं नाव आणि तारखा तिथे लिहिता याव्यात. तो कोरा भाग आज कुणी कापून टाकलेला असेल, तर कार्डाची किंमत धाडकन खाली येते.

वन शीट टपालाने जायचं, म्हणून कारखान्यातच त्याच्या घड्या पडत. तीन आडव्या आणि एक उभी, मिळून आठ चौकटी. १९८०च्या दशकात गुंडाळून पाठवायची पद्धत रूढ झाली, पण त्याआधीचं बहुतेक प्रत्येक वन शीट घडीचंच. एका थिएटरातून परत आलं की तेच पोस्टर पुढच्या गावाला रवाना व्हायचं. चार-सहा ठिकाणी टाचण्या लागून, उन्हात पिवळं पडून, घड्यांवर फाटून ते निकामी झालं की रद्दीत. मोठ्या आकारांच्या नशिबी तर परतीचा प्रवासही नव्हता. सिक्स शीट आणि चोवीस शीट खळीने भिंतीला डकवायचे आणि पुढच्या सिनेमाचा कागद त्यांच्यावरच चढवायचा. त्यात दुसऱ्या महायुद्धात सरकारने देशभर रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा काढल्या आणि तोवर साठून राहिलेल्या पोस्टरांचे गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले. एकेका सिनेमाची हजारो पोस्टरं छापली गेली असताना तीसच्या दशकातल्या कित्येक सिनेमांची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली, ती अशी.

त्यातल्या त्यात सगळ्यात देखणी पोस्टरं मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या काळातली. टॉम मिक्स आणि त्याचा टोनी नावाचा घोडा ही जोडी तेव्हा शनिवारच्या खेळांवर राज्य करत होती. क्लीव्हलंडची मॉर्गन लिथोग्राफ कंपनी अशा पोस्टरांसाठी नावाजलेली. शिळाछापात प्रत्येक रंगाची वेगळी छपाई होते, एकावर एक थर बसतात आणि आकाशाचा केशरी किंवा घोड्याच्या पाठीचा तांबूस रंग सलग, मखमली उतरतो. पुढे ऑफसेट आली, काम स्वस्त आणि झटपट झालं, रंगांचे ठिपके झाले.

चित्रं काढणाऱ्यांची नावं मात्र बहुतेक पोस्टरांवर नाहीतच. जॉन वेनच्या ‘द अलामो’चं (१९६०) गर्दीने उसळलेलं चित्र रेनॉल्ड ब्राउनचं. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चं अमेरिकन पोस्टर फ्रँक मॅकार्थीचं. मॅकार्थीने नंतर सिनेमाचं काम सोडलं आणि घोडे, पठारं, मूळनिवासी स्वार यांची चित्रं काढून गॅलऱ्यांत नाव कमावलं. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’चं पोस्टर करणाऱ्या हॉवर्ड टर्पनिंगनेही तीच वाट धरली. ज्यांच्या पोस्टरांना रद्दीचा भाव होता, त्यांच्याच कॅनव्हासना मोठ्या किमती आल्या. मग लोक त्यांची जुनी पोस्टरं शोधायला लागले.

अस्सल कशाला म्हणायचं, हा या छंदातला कळीचा प्रश्न. सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा थिएटरांसाठी छापलं गेलेलं, ते अस्सल. तोच सिनेमा दहा वर्षांनी पुन्हा प्रदर्शित झाला तर नवी पोस्टरं छापत. त्यांच्या क्रमांकाआधी ‘आर’ हे अक्षर आणि पुनःप्रदर्शनाचं साल येतं. तीही जुनी, तीही खरी, पण त्यांचा भाव वेगळा. जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ १९३९चा, म्हणजे नॅशनल स्क्रीनच्या क्रमांकांच्या आधीचा. तिथे छापखान्याचं नाव, कागद आणि नामावळ यांवरच भिस्त. त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत पहिलं नाव क्लेअर ट्रेव्हरचं आहे, जॉन वेनचं दुसरं. वेन मोठा तारा झाला तो या सिनेमानंतर. म्हणून वेनच्याच नावाचा डंका पिटणारं ‘स्टेजकोच’चं पोस्टर दिसलं, की ते नंतरच्या काळातलं असावं असा पहिला संशय घ्यायचा.

सर्जिओ लिओनेच्या सिनेमांत हा गुंता आणखी वाढतो. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ इटलीत १९६४ साली लागला, अमेरिकेत थेट १९६७ साली. तेव्हा अमेरिकन पोस्टर कितीही जुनं असलं, तरी इटालियन पोस्टर त्याहून तीन वर्षांनी थोरलं. इटलीतल्या पहिल्या प्रदर्शनात वितरकांना सिनेमा अमेरिकन वाटायला हवा होता. म्हणून दिग्दर्शकाचं नाव बॉब रॉबर्टसन, संगीतकार एन्निओ मोरिकोने झाला डॅन साविओ आणि खलनायक जान मारिया व्होलोन्ते झाला जॉन वेल्स. इटालियन पोस्टरवर लिओनेचं खरं नाव ठळक दिसलं, तर ते पहिल्या छपाईचं नसण्याचीच शक्यता जास्त. एरवी खोटं नाव दिसलं की माल खोटा ठरतो. इथे खोटं नावच खरेपणाची खूण आहे.

नकला मुबलक आहेत. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चं पोस्टर कुठल्याही भेटवस्तूंच्या दुकानात मिळतं. पहिली परीक्षा मोजपट्टीची: जुनं अमेरिकन वन शीट ४१ इंच उंच असतं, घरी लावायला छापलेलं बहुधा २४ बाय ३६. दुसरी परीक्षा दहापट दाखवणाऱ्या भिंगाची. ऑफसेटच्या छपाईत निळा, लाल, पिवळा, काळा यांचे ठिपके नेमक्या गुच्छांत बसतात आणि शीर्षकाची अक्षरं सलग, धारदार कडांची असतात. पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलं, की मजकुराच्या अक्षरांतही ठिपके शिरतात, कडा विरतात, तळच्या तंबीची अक्षरं एकमेकांत मिसळतात. इंकजेटचा फवारा तर भिंगाखाली लगेच ओळखू येतो. तिसरी परीक्षा पाठीची. पोस्टर उलटं करून दिव्यासमोर धरलं की घडीवरचे तंतू तुटलेले दिसतात; आडवी आणि उभी घडी जिथे एकमेकींना छेदतात त्या तीन जागी बारीक भोकं, कोपऱ्यांत टाचण्यांची छिद्रं, कुठे जुन्या चिकटपट्टीचा तपकिरी डाग. नकली पोस्टरवर या घड्या नुसत्या छापलेल्या असतात. चित्रात पांढरी रेघ दिसते, पण बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत.

एवढं सोसलेला कागद टिकवायचा कसा? आपल्याकडे मौल्यवान कागद हाती आला की पहिला विचार लॅमिनेशनचा. पोस्टरला याहून मोठा धोका नाही, कारण ते पुन्हा सुटत नाही. जाणकार ‘लिनन बॅकिंग’ करून घेतात. लाकडी चौकटीवर सुती कॅनव्हास ताणून बसवायचं, त्यावर आम्लविरहित कागदाचा थर द्यायचा आणि गव्हाच्या खळीने पोस्टर चिकटवायचं. त्याआधी ते पाण्यात धुतात. कागदातला पिवळेपणा आणि आम्ल बरंचसं निघून जातं. ओलं पोस्टर तळहाताएवढ्या भागात जरी घाईने ओढलं तरी घडीवर फाटतं, म्हणून ते प्लास्टिकच्या पातळ चादरीवर तोलून उचलायचं आणि मऊ ब्रशने मधून कडांकडे हवा काढत न्यायची. वाळताना कॅनव्हासच्या ताणाने घड्या सपाट होतात. गव्हाची खळी पाण्याने पुन्हा सुटते, हा या पद्धतीचा मुख्य गुण. उद्या कुणाला हे काम उलटवायचं झालं तर वाट मोकळी राहते.

पुढचा टप्पा वादाचा. तुटलेल्या भागात रंग भरायचा की नाही? भरायचा तर किती? काही कारागीर घडीच्या रेघा इतक्या सफाईने लपवतात की पोस्टर काल छापल्यासारखं दिसतं. मला हे पटत नाही. घड्या, टाचण्यांची भोकं, थिएटरवाल्याने पेन्सिलीने मागे लिहिलेली तारीख ही त्या कागदाच्या नोकरीची नोंदवही आहे. फाटायचं थांबवा, भोकाखाली आधार द्या, पण नोंदी पुसू नका. विक्रेत्याने केलेली रंगभरणी सांगायलाच हवी, हा संकेतही याच कारणाने बाजारात पाळला जातो.

दुर्मीळ माल कुठून निघेल याचा नेम नसतो. जुन्या घरांच्या भिंतींत, जाजमाखाली, माळ्यावर पोस्टरं सापडली आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या बर्विक गावच्या एका माळ्यावरून निघालेली पोस्टरं २०११ साली लिलावात आली. भिंतीच्या कागदाच्या खळीने एकमेकांवर चिकटवलेली अशी ती ३३ पोस्टरं जवळपास ३० हजार डॉलरना गेली. थर सोडवल्यावर आतून १९३१चा ‘सिमरॉन’ही निघाला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला वेस्टर्न. पुढच्या वर्षी ही पोस्टरं पाच लाख डॉलरच्या वर विकली गेली.

पडद्यापलीकडेही एका वेस्टर्नच्या पोस्टरने काम केलं आहे. पोलंडमध्ये ४ जून १९८९ रोजी अंशतः मुक्त निवडणूक झाली, तेव्हा तोमाश सार्नेत्स्की या तरुण चित्रकाराने ‘हाय नून’मधल्या गॅरी कूपरलाच मतदानाला उतरवलं. मार्शल समोरून चालत येतोय, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, ताऱ्याच्या वर ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचा बिल्ला, मागे त्या संघटनेचं लाल नाव. हॉलिवूडने ही प्रतिमा छापली तेव्हा ती आठवडाभराचं सामान होती. वॉर्सात त्याच प्रतिमेने मतदारांना घराबाहेर काढायचं काम केलं.

आपल्याकडे ‘मॅकेनाज गोल्ड’ने धो धो धंदा केला आणि एका पिढीला ग्रेगरी पेक, ओमर शरीफ तोंडपाठ झाले. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर आजही पोस्टरांची दुकानं आहेत. तिथे जुना कागद आणि ताजी नक्कल एकाच गठ्ठ्यात असतात, म्हणून मोजपट्टी आणि भिंग खिशात असलेलं बरं. आणलेलं पोस्टर आपल्या हवेत ठेवायचं तर दमट भिंत, कसर आणि थेट ऊन हे तिघे वैरी. आम्लविरहित कागदात सपाट ठेवा. लावायचंच असेल तर काचेपासून थोडं अंतर ठेवून.

किमतींच्या शर्यतीत वेस्टर्न कधीच पहिले नव्हते. लिलावांत तो मान बहुधा भयपटांना मिळाला: १९३२च्या ‘द ममी’चं पोस्टर १९९७ साली ४ लाख ५३ हजार ५०० डॉलरना गेलं, १९३१च्या ‘ड्रॅक्युला’चं २०१७ साली ५ लाख २५ हजार ८०० डॉलरना. वेस्टर्नमधले मोठे सिनेमे, म्हणजे फोर्ड, लिओने, क्लिंट ईस्टवुड यांचे, आपला भाव टिकवून आहेत. रॉय रॉजर्स, जीन ऑट्री, हॉपअलाँग कॅसिडी यांच्या स्वस्तातल्या सिनेमांची पोस्टरं मात्र उतरली. ती विकत घेणारी माणसं लहानपणी शनिवारच्या खेळाला बसलेली मुलं होती, आणि ती पिढी आता सरली. पोस्टरचा भाव ठरतो तो सिनेमाची आठवण असलेल्या माणसांवर. छपाई, चित्र आणि कागद यांचा त्याच्याशी फारसा संबंध उरत नाही. ज्याला त्या आठवणीशी देणंघेणं नाही आणि रंगांवर प्रेम आहे, त्याने आज टॉम मिक्स, रॉय रॉजर्सच्या काळातला कागद बघावा. बाजाराने त्यांच्याकडे पाठ फिरवली आहे, आणि नावाजलेल्या सिनेमाच्या एका पोस्टरच्या पैशात त्यांची बरीच पोस्टरं घरी आणता येतील.