काँक्रीटचा ओटा : घेण्याआधी आणि घेतल्यावर

कडप्पा की ग्रॅनाइट, एवढाच प्रश्न पूर्वी असे. आता काही घरांत काँक्रीटचा ओटाही दिसतो. हवा तो आकार व रंग मिळतो. पण पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा.

पहिली, वजन. दोन इंच जाडीचा एक चौरस मीटर ओटा सुमारे १२० किलो भरतो. खालचा आधार भक्कम हवा. दुसरी, मुदत. काँक्रीटला अपेक्षित ताकद यायला साधारण २८ दिवस लागतात. मिस्त्रीला घाई करू नका. तिसरी, सीलर. काँक्रीट सच्छिद्र असते; सीलरशिवाय हळद, तेल, चहा आत मुरतात.

लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचे आम्ल सिमेंटला खाते. उरणारा खरखरीत चट्टा म्हणजे डाग नव्हे, झीज. तो पुसून जात नाही. म्हणून रस सांडताच पुसा. बिर्याणीचे गरम पातेले थेट ठेवू नका, त्याने सीलर खराब होतो. भाजी फळीवरच चिरा. सफाईला सौम्य साबण वापरा. ॲसिड आणि तारेची घासणी नको.

अधूनमधून ओट्यावर पाण्याचे थेंब टाका. थेंब उभा राहिला तर सीलर शाबूत आहे. मुरून जागा गडद झाली तर तो पुन्हा लावून घ्या.

एवढी निगा जमणार नसेल, तर ग्रॅनाइटच बरा.