पस्तीस, पन्नास की पंच्याऐंशी?

लेखमाला : उजेड आणि कॅमेरा • लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण अ‍ॅपर्चरचे आकडे समजून घेतले. आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. किट लेन्सवर हात बसला, आता एक प्राइम लेन्स घ्यायची आहे आणि पैसे एकीपुरतेच आहेत. पस्तीस मिमी घ्यावी, पन्नास की पंच्याऐंशी?

कराडला लागून असलेल्या मलकापुरात लग्न, मुंज, बारसं अशी कामं घेणाऱ्या तरुण फोटोग्राफरांपुढे हा प्रश्न हमखास येतो. त्याचं ठरलेलं उत्तरही सगळ्यांना पाठ आहे : पन्नास घे, स्वस्तात मस्त. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. माझ्या मते, आपल्याला फोटो काढायला उभं राहायला किती जागा मिळते हे आधी मोजावं. लेन्सचा आकडा त्यातूनच निघतो. म्हणून आजचा सगळा हिशेब मलकापूरच्या जागांवर मांडू.

उजेडाचा हिशेब

प्राइम लेन्सला झूम नसतो. ती सोय सोडल्याच्या बदल्यात मोठं छिद्र मिळतं. १८-५५ ची किट लेन्स ५५ वर जास्तीत जास्त एफ ५.६ इतकीच उघडते. एफ १.८ ला तिच्या साडेनऊ पटींहून जास्त उजेड आत येतो. हळदीच्या घरात ट्यूबलाइटखाली किट लेन्सला १/१५ सेकंद लागत असेल, तर १.८ ची लेन्स तोच फोटो १/१०० ला देते, शिवाय आयएसओही थोडा खाली आणता येतो. १/१५ ला नवरीचा चेहरा कदाचित स्थिर येईल, पण तिच्या गालाला हळद लावणारा हात नुसता पिवळट फराटा होतो. १/१०० ला त्याच हाताच्या पेरांत साचलेली ओली हळद आणि बांगडीवर उडालेला थेंबही दिसतो. शटर १/१०० किंवा १/५० च ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि भलत्या वेगाला फोटोत काळपट पट्टे येऊ शकतात.

एफ १.४ ची लेन्स १.८ पेक्षा सुमारे दीडपट उजेड देते, पण किंमत आणि वजन त्याहून कितीतरी जास्त वाढतं. पहिल्या खरेदीला १.८ पुरेशी आहे.

पाठ भिंतीला टेकली की

उभ्या माणसाचा पूर्ण फोटो घ्यायचा, तर डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा धरून चौकट सात फूट उंचीची लागते. कॅमेरा उभा धरून किती लांब जावं लागेल याचं गणित सोपं आहे : चौकटीची उंची गुणिले फोकल लेंथ, भागिले सेन्सरची लांब बाजू. फुल फ्रेम सेन्सरची लांब बाजू ३६ मिमी असते. निकॉन आणि सोनीच्या क्रॉप सेन्सरची सुमारे २३.५ मिमी, कॅननची त्याहून किंचित कमी.

फुल फ्रेमवर पस्तीसला सुमारे ७ फूट अंतर लागतं, पन्नासला पावणेदहा आणि पंच्याऐंशीला साडेसोळा. क्रॉप बॉडीवर हेच आकडे साडेदहा, १५ आणि २५ फूट होतात.

आता आगाशिवनगरमधली एखादी दहा बाय बाराची खोली डोळ्यांपुढे आणा. नवरी भिंतीपासून दोन फूट पुढे उभी आहे आणि तुमच्या अंगाला फूटभर जागा हवी. म्हणजे लांबीच्या बाजूने हातात उरले ९ फूट. फुल फ्रेमवरची पस्तीस इथे आरामात काम करते. पन्नास जेमतेम हुकते. क्रॉप बॉडीवर पस्तीसलासुद्धा दारात जावं लागतं, आणि पन्नास लावली तर नवरीचा पूर्ण फोटो त्या खोलीत येतच नाही. पन्नास घेऊन निराश झालेल्या कित्येकांची अडचण लेन्सच्या दर्जात नसून या सहा फुटांत असते.

मंगल कार्यालयात परिस्थिती उलटी. तिथे जागा भरपूर असते, पण मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर भटजी, मामा, करवल्या आणि व्हिडिओवाला यांची दाटी असते. पस्तीस लावून पुढे घुसलं, तर पाहुण्यांना आपलीच पाठ दिसते. तिथे मधल्या वाटेवर मागे उभं राहून पंच्याऐंशीने अंतरपाटावर डोकावणारे डोळे टिपता येतात.

नाक, कान आणि अंतर

लहान आकड्याच्या लेन्सने चेहरा बिघडतो, असा समज आहे. चेहरा खरं तर अंतराने बिघडतो. डोकं आणि खांदे चौकटीत भरायचे, तर फुल फ्रेमवर पस्तीस घेऊन माणसापासून ५८ सेंटिमीटरवर जावं लागतं, पन्नास घेऊन ८३ वर आणि पंच्याऐंशी घेऊन १४२ वर. नाकाचा शेंडा कानापेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. म्हणून ५८ सेंटिमीटरवरून नाक कानाच्या तुलनेत जवळजवळ २१ टक्के मोठं येतं, ८३ वरून १४ टक्के आणि १४२ वरून फक्त ८ टक्के. आजीच्या चेहऱ्याचा देखणा फोटो हवा असेल तर दीड मीटर दूर उभं राहा. लेन्स त्या अंतराला साजेशी निवडा.

मागच्या पसाऱ्याचंही तसंच. पूर्ण उभ्या माणसाच्या मागे दहा फुटांवर मांडवाचं कापड असेल, तर पस्तीसच्या फोटोत ते सुमारे साडेअकरा फूट रुंद दिसतं आणि त्यातला कूलर, रचलेल्या खुर्च्या, पाण्याचे जार सगळं येतं. पंच्याऐंशीत साडेसात फुटांच्या आसपासच दिसतं. मागचं घर, अंगण, जमलेली माणसं ही त्या दिवसाची आठवण असेल तर ती पस्तीसने घ्यावी. पसारा असेल तर पंच्याऐंशीने गाळावा.

धूसरपणाची किंमत

एफ १.८ ला छिद्राचा व्यास फोकल लेंथ भागिले १.८ इतका असतो : पस्तीसला १९ मिमी, पन्नासला २८, पंच्याऐंशीला ४७. खूप दूरचा दिवा फोटोत पसरून वर्तुळ होतो. ते वर्तुळ माणसाच्या चेहऱ्याशेजारी ठेवून मोजलं, तर नेमकं याच मापाचं भरतं. कराडच्या प्रीतिसंगमावर संध्याकाळी कृष्णा-कोयनेकडे पाठ करून कुणाला उभं केलं, तर पलीकडचा दिवा पन्नासमध्ये दहाच्या नाण्याएवढा होतो आणि पंच्याऐंशीत त्याच्या पावणेदोन पट. पंच्याऐंशीची पार्श्वभूमी लोण्यासारखी वाटते त्याचं कारण हे.

पण चेहऱ्यावरची फोकसची खोली मात्र या लेन्सने वाढत किंवा घटत नाही. डोकं-खांद्यांची तीच चौकट ठेवली, तर एफ १.८ ला फुल फ्रेमवर तिन्ही लेन्सना जेमतेम ३ सेंटिमीटर खोली मिळते. डोळा स्पष्ट आला की कान धूसर होणारच. नवरी-नवरदेव एकमेकांच्या वीतभर मागेपुढे उभे असतील, तर एकाचा चेहरा हातचा जातो. जोडप्याला आणि घोळक्याला एफ ४ किंवा ५.६ वर या, मग लेन्स कितीही मोठ्या छिद्राची असो. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्यं टिपण्यासाठी नासाकरता बनवलेली झाइसची ५० मिमी, एफ ०.७ ची लेन्स वापरली. उजेड मिळाला, पण फोकस इतका उथळ की कलाकारांना फारसं हलता येईना.

जिथे या लेन्सची गरज नाही

मलकापूरच्या डोक्यावरच आगाशिवचा डोंगर आहे. जखिणवाडीच्या बाजूला त्यात साठाहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. आत अंधार असतो, म्हणून अनेकांना तिथे १.८ ची लेन्स न्यावीशी वाटते. पण स्तूप हलत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून किट लेन्स १८ वर, एफ ८, आयएसओ १०० आणि शटर काही सेकंद ठेवलं, तर छिन्नीचे घाव समोरपासून मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ येतात. मोठ्या छिद्राचे पैसे मोजायचे ते कमी उजेडात हलणाऱ्या माणसांसाठी.

मग कोणती घ्यावी?

क्रॉप बॉडी असेल आणि घरगुती कार्यक्रम जास्त असतील, तर पहिली पस्तीस. तिची चौकट फुल फ्रेमवरच्या पन्नासच्या जवळ येते. दुसरी पन्नास घ्या, ती क्रॉपवर ७५-८० सारखी वागते आणि चेहऱ्यांसाठी उत्तम. पंच्याऐंशी क्रॉपवर १२८ च्या आसपास जाते, त्यामुळे ती खुल्या मैदानात किंवा मोठ्या कार्यालयातच उपयोगी. फुल फ्रेम असेल आणि एकच लेन्स परवडत असेल, तर पन्नास. दोन परवडत असतील, तर पन्नास सोडून पस्तीस आणि पंच्याऐंशी ही जोडी घ्या. खोली एकीने आणि स्टेज दुसरीने सांभाळता येतं.

जुनी लेन्स घेताना एक खबरदारी. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. ‘डी’ खुणेची पन्नास त्यांवर हातानेच फोकस करावी लागते, एएफ-एस ‘जी’ खुणेची आपोआप करते. पैसे देण्याआधी स्वतःच्या बॉडीवर लावून बघा.

आणि खरेदीआधी हा अभ्यास करा. किट लेन्स ३५ वर आणून झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावा आणि पुढचं एक संपूर्ण काम तसंच करा. त्यापुढचं काम ५० वर. घरी आल्यावर दोन्ही कामांतले फोटो समोर ठेवून बघा : किती वेळा पाठ भिंतीला टेकली, किती वेळा पुढे जावंसं वाटलं. पहिलं जास्त झालं असेल तर लहान आकडा घ्या, दुसरं जास्त झालं असेल तर मोठा. असं मोजून घेतलेली लेन्स तुमच्या कामाची असेल, आणि ती कपाटात पडून राहणार नाही.

(पुढील लेखांकात : एफ १.८ ला हलत्या माणसाच्या डोळ्यावर फोकस कसा धरायचा)