मायसेल्फ, युवरसेल्फ आणि गल्ल्यावरची बाई

कामगार संघटनेचा माणूस इंग्रजी व्याकरणावर बोलायला उभा राहिला म्हणजे श्रोत्यांना थोडे चमत्कारिक वाटणारच. आमचे शाळेतले इंग्रजी बेताचे. पुढचे जे आले ते मालकांची पत्रे वाचून आणि त्यांना उत्तरे लिहून आले. अशाच एका पत्राने आम्हांला हा विषय शिकवला.

एका मोठ्या दुकानात एक बाई अकरा वर्षे गल्ल्यावर बसत होत्या. हिशेबात पैची चूक नाही. पुढे त्यांच्या हातांवर आणि ओठांभोवती कोड उठले. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात एवढेच. ते कोणाला लागत नाही. पण गिऱ्हाइके बिचकतील असे व्यवस्थापकांना वाटले. बाईंना पत्र आले : 'यू आर रिक्वेस्टेड टु कीप युवरसेल्फ अवे फ्रॉम दि काउंटर.' काम गोदामात, आणि गल्ल्याचा भत्ता बंद.

आम्ही तातडीने उत्तर धाडले : 'अवर प्रेसिडेंट अँड मायसेल्फ विल सी यू ऑन मंडे.' सोमवारी गेलो, तर साहेबांनी आमच्या 'मायसेल्फ'भोवती तांबड्या पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवलेले. शेजारच्या साहेबांनाही ते दाखवून झाले होते. अर्धा तास आमच्या इंग्रजीत गेला. बाईंच्या भत्त्याची गोष्ट निघालीच नाही. त्या रात्री आम्ही व्याकरणाचे पुस्तक उघडले.

नियम तसा सोपा आहे. क्रिया करणारा आणि ती ज्याच्यावर घडते तो, दोघे एकच असले म्हणजे 'सेल्फ' लावायचे. 'आय वॉश्ड मायसेल्फ', मी अंग धुतले. 'शी सॉ हरसेल्फ इन दि मिरर' म्हणजे तिने आरशात स्वतःला पाहिले; नुसते 'हर' म्हटले तर आरशात दुसरीच कोणी बाई दिसली असा अर्थ होतो. दुसरा उपयोग जोर देण्याचा : 'दि मॅनेजर हिमसेल्फ केम', स्वतः साहेब आले. आमच्या वाक्यात यांपैकी काहीच नव्हते. तिथे साधे 'आय' हवे होते. 'राइट टु मायसेल्फ' हीही तीच चूक. तिथे 'मी' पुरे. 'आय' आणि 'मी' उघडेबोडके वाटतात, 'मायसेल्फ' भारदस्त वाटते, म्हणून आपण ते दडपून देतो. साहेब लोकही देतात, पण त्यांच्या पत्रावर तांबडी पेन्सिल कोण चालवणार?

एक बारकावा संघटनेच्या माणसाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इंग्रजीत 'यू' एकालाही आणि शंभरांनाही. पण 'युवरसेल्फ' एकट्याला आणि 'युवरसेल्व्ह्ज' अनेकांना. नोटीस एकाला आहे की साऱ्या खात्याला, हे कधी कधी त्या शेपटावरूनच कळते.

आता बाईंचे पत्र पुन्हा वाचा. व्याकरणाने त्यात खोट नाही. 'कीप'चा कर्ता बाई, आणि दूर ठेवायच्याही बाईच. म्हणून 'युवरसेल्फ' अगदी बरोबर. मराठीत 'साहेबांनी बाईंना आपल्या टेबलापाशी बसायला सांगितले' म्हटले, तर टेबल साहेबांचे की बाईंचे हा घोळ राहतो. इंग्रजीचे हे 'सेल्फ' तसा घोळ ठेवीत नाही. ते जवळच्या कर्त्याला, म्हणजे बाईंना, घट्ट चिकटते. आणि दूर ठेवणारा मालक वाक्यातून अलगद बाहेर पडतो. जणू बाई आपणहूनच उठून गेल्या!

रूपावरून होणारा अन्याय बहुधा असाच, स्वतःला सुधारा अशा सल्ल्याच्या वेषात येतो. अमेरिकेत प्राइस वॉटरहाउस या हिशेबनिसांच्या पेढीत १९८२ साली भागीदारीसाठी ८८ उमेदवार होते, त्यांत अ‍ॅन हॉपकिन्स ही एकटी बाई. परराष्ट्र खात्याचे अडीच कोटी डॉलरांचे काम मिळवून देण्यात तिचा मोठा वाटा होता. भागीदारी लांबली आणि सल्ला मिळाला, की चाल, बोलणे, पोशाख अधिक बायकी ठेवावा, रंगरंगोटी करावी, केस नीट करून घ्यावेत, दागिने घालावेत. १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बाईने असेच दिसावे ही अपेक्षा म्हणजे स्त्री म्हणून केलेला भेदभावच होय. १९९० साली तिला भागीदार करण्याचा हुकूम झाला.

पण कोडाला स्त्री-पुरुष नाही. तिथे हा युक्तिवाद चालत नाही. फ्रान्सने २००१ साली कामगार कायद्यात 'शारीरिक रूप' हा शब्दच घातला. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या १९७६ च्या कायद्यात उंची आणि वजन आहे. आपल्या घटनेच्या सोळाव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास एवढे आहे, रूप नाही. आणि ते कलम सरकारी नोकरीपुरते. खाजगी दुकानातल्या बाईंना त्याचा काय उपयोग?

तेव्हा आमच्याजवळ वाक्यच उरले होते. दुसरे पत्र लिहिले : 'शी डिड नॉट रिमूव्ह हरसेल्फ. यू रिमूव्ह्ड हर.' आणि खाली विचारले, कोणत्या गिऱ्हाइकाने, कोणत्या तारखेला तक्रार केली? तक्रार एकही नव्हती. दोन महिन्यांनी भत्ता परत सुरू झाला, मागील थकबाकीसह. गल्ला मात्र मिळाला नाही. बाई गोदामातूनच निवृत्त झाल्या.