एकाच बालकाच्या दोन अडचणी

मूल तालुक्यातील भातशेतीच्या गावांत पहिलीचा वर्ग भरला, की एखादे बालक शिक्षकांची कसोटी पाहते. ते जागेवर ठरत नाही, धडा चालू असता उठून दाराशी जाते. हाक मारली तरी वळून पाहत नाही. सवंगड्यांत मिसळत नाही. बसण्याची जागा बदलली, की आकांत करते. अशा बालकास ‘व्रात्य’ ठरवून शिक्षा करणे सोपे असते. परंतु तो अन्याय होय.

अवधान न टिकणे व अतिचंचलता ही एक अवस्था, तर स्वमग्नता ही दुसरी. दोन्हींचे मूळ मेंदूच्या वाढीत असते. आईबापांच्या लाडात नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथानुसार पूर्वी ही दोन निदाने एकाच बालकास देता येत नसत. २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीने तो निर्बंध दूर केला. अतिचंचलता आधी ठरली, तर स्वमग्नता ओळखण्यास सरासरी सुमारे तीन वर्षे अधिक लागतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत दिसून आले. उत्तर गोव्यासह भारतातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या बालकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मेंदूच्या वाढीशी निगडित अडचण असलेल्या बालकांपैकी सुमारे एक पंचमांश बालकांत एकाहून अधिक अडचणी आढळल्या. म्हणून एक कारण सापडले, की निरीक्षण थांबवू नये.

निदान करणे हे शिक्षकांचे काम नव्हे. पाहणे व टिपून ठेवणे हे मात्र त्यांचेच. चंचल बालकास खेळाचा नियम कळतो, पण पाळी येईपर्यंत धीर धरवत नाही. स्वमग्न बालकास समोरच्याच्या मनातले उमगणे कठीण जाते. दोन्ही गोष्टी दिसल्या, तर दोन्ही लिहाव्यात. त्या केव्हा व कशानंतर घडल्या, हेही लिहावे. मात्र घरी गोंडी वा तेलुगू बोलणारे बालक केवळ भाषा न कळल्यामुळेही गप्प राहते, आणि ऐकू न येणारे बालकही हाकेला ओ देत नाही, हे विसरू नये.

ही टिपणे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास दाखवावीत. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत दोन्ही अवस्था आहेत. तोवर बालकास पुढे बसवावे, काम थोडेथोडे द्यावे, दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवावा व बदलाची सूचना आधी द्यावी. पालकांशी बोलताना दोषाची भाषा टाळावी. बालक शाळेत टिकले, तरच पुढील मदत त्याच्यापर्यंत पोहोचते.